पाचवं बूच

"हात गेला होता लेआर्कोचा. दुसरं काय असणार?"

आर्दिलियो हे बोलला तेव्हा त्याची पाठ दाराकडे होती. क्लबच्या काउंटरवर कोपर टेकून तो कॉफीत साखर ढवळत होता. लेआर्कोची मुलगी नीवेस त्याच्या मागे दोन हातांवर उभी आहे, हे त्याला सांगायचं धाडस समोरच्या चौघांपैकी एकालाही झालं नाही. चौघांनी आपापल्या कपांत पाहिलं.

"हात गेला होता म्हणजे काय?" नीवेसनं विचारलं.

आर्दिलियो वळला. ऐंशी वर्षांचा म्हातारा. जन्मभर कॅमशाफ्ट घासून बोटांची टोकं गुळगुळीत झालेला, आणि या क्लबचा अध्यक्ष. "अगं, तू होय! ये, बस. काय घेतेस?"

"मी विचारलं ते सांग."

"वय झालं होतं गं. थरथरायचा थोडा. बोल्ट आवळताना एखादा ढिला राहतो. कुणी त्याला नावं ठेवत नाहीये."

"मग आत्ता ठेवलंस ते काय होतं?"

नीवेस कॉफी न घेता बाहेर पडली. आपल्या वडिलांचा हात थरथरत होता हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही काउंटरवर, पाठमोऱ्या माणसाकडून.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, डोंगरावरच्या शर्यतीत, नोटरी झानासीबाईंची निळी गाडी फुटली होती. त्रेसष्ठ सालची दोन सीटांची गाडी, सहा सिलिंडरचं इंजिन. चौथ्या वळणाच्या आधी पाचव्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला, तेल मागच्या चाकांखाली गेलं आणि गाडी दगडी कठड्याला घासत गेली. झानासीबाईंचं हासळीचं हाड मोडलं. ते इंजिन आदल्या हिवाळ्यात लेआर्को ग्वेर्झोनीनं बांधलं होतं, आणि लेआर्को मार्चमध्ये झोपेतच गेला होता. त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती. त्याच्याविषयी बोलायची मात्र पुष्कळ होती.

आणि नोव्हेंबर जवळ येत होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी क्लबचं जेवण असतं. त्या वर्षात ज्याचं इंजिन फुटलं असेल त्यानं फुटलेला तुकडा आणून पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवायचा आणि काय चुकलं ते उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत स्वयंपाकघरातून तोर्तेल्लिनीचं, सारण भरलेल्या पास्त्याचं, पातेलं हलत नाही. एकदा सांगून झालं की त्या चुकीबद्दल परत कधी कुणी बोलत नाही, असा रिवाज आहे. लेआर्कोनं एकेचाळीस वर्षांत त्या टेबलावर काहीही ठेवलं नव्हतं. या वर्षी त्याच्या वतीनं त्याचा भागीदार वानेस ठेवणार होता, आणि काय सांगणार ते उघडच होतं.

नीवेस बोलोन्याच्या एका गिअरच्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीत होती. मायक्रॉनमध्ये बोलणाऱ्या, हवेचं तापमानसुद्धा ठरलेलं असणाऱ्या त्या खोलीतून तिनं दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आणि सोमवारी सकाळी वर्कशॉपचं शटर वर केलं.

"इंजिन मी उघडणार आहे," ती म्हणाली.

"त्यात उघडायचंय काय?" वानेस म्हणाला. साठीतला, रुंद, बनियनवर निळा डगला घालणारा माणूस. "रॉडचा बोल्ट तुटलाय. मी खालून बघितलाय."

"तू खालून बघितलास. मी सगळं बघणार."

"आणि काय सापडणार?"

"जे असेल ते. तुला भीती आहे का कशाची?"

वानेसनं हातातला पाना बाकावर ठेवला, परत उचलला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला.

नीवेसला हे काम येत होतं. शाळेपासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिची प्रत्येक दुपार या बाकापाशी गेली होती. नंतर लेआर्कोनं तिला शिकायला पाठवलं, पण शनिवार तिचेच राहिले. कार्ब्युरेटर तिचे, सिलिंडर हेड तिचं, व्हॉल्व्हच्या फटी तिच्या. फक्त इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँकचा दांडा बसवणं, रॉड लावणं, शेवटचं आवळणं, ते लेआर्को कुणाला करू देत नसे. "खालचं एकाच माणसानं करायचं असतं," तो म्हणायचा. "एकाच डोक्यानं." तिनं कधी हट्ट केला नाही. एके दिवशी तो स्वतःहून देईल असं तिला वाटत आलं होतं.

इंजिन उलटं करून स्टँडवर घेतलं आणि तिनं प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे बघायला सुरुवात केली. पाचव्या रॉडचे दोन तुकडे झाले होते, एक बोल्ट तुटलेला, एक वाकलेला. बेअरिंग चघळल्यासारखं. क्रँकचं पाचवं जर्नल, म्हणजे रॉड बसतो तो गोल भाग, जळून निळं-काळं पडलेलं. यातून काहीच सिद्ध होत नव्हतं: बोल्ट ढिला पडला तरी जर्नल असंच जळतं, आणि तेल पोहोचलं नाही तरी असंच. तिनं फोटो काढले, मापं घेतली, आणि मग क्रँकला धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या टोप्या काढायला घेतल्या.

त्या टोप्यांचे बोल्ट दोन-दोनच्या जोड्यांनी तारेनं बांधलेले असतात, सुटू नयेत म्हणून. बारीक स्टीलची तार, पकडीनं पिळलेली. नीवेसनं पहिल्या तारेला पकड लावली आणि थांबली.

लेआर्को डावखुरा होता. नीवेसही डावखुरी आहे. डाव्या हातानं पिळलेल्या तारेचा पीळ उलटा पडतो. लहानपणी ती इतर मेकॅनिकांनी बांधलेल्या इंजिनांना 'उजवी इंजिनं' म्हणायची. समोरच्या तारेचा पीळ उजवा होता. तिनं दिवा जवळ घेतला. दुसरी उजवी. तिसरी उजवी. सातही टोप्यांवर एकही तार तिच्या वडिलांच्या हातची नव्हती.

तिनं पकड काढून घेतली. मग सरळ झाली.

"वानेस."

"काय गं?"

"इकडे या तुम्ही."

त्यानं मान वर केली. नीवेस त्याला जन्मात कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती. तिच्या नामकरणाला तिला हातात घेऊन उभा राहिलेला माणूस होता तो.

"हे कुणी बांधलं?"

वानेस जवळ आला. तारा त्यानं बघितल्याही नाहीत.

"मी," तो म्हणाला.

"आणि क्लबमध्ये माझ्या बापाचा हात थरथरत होता म्हणून सगळे कॉफी ढवळतायत, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच."

"तिथेच! बोल्ट आवळले तुम्ही. तो ढिला राहिला असेल तर तुमच्या हातून राहिला. आणि नाव कुणाचं घेतलं जातंय? लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटते."

"मग तोंड का नाही उघडलं?"

वानेस बाकावर बसला. "पुढच्या हिवाळ्याची चार इंजिनं हातात आहेत, पोरी. माझ्या बोल्टनं एका बाईचं हाड मोडलं असं एकदा झालं की कोण येतंय इथे? मेलेल्या माणसाचं गिऱ्हाईक जात नाही. असा विचार केला मी. केला, हे खरंय."

नीवेसच्या हातात पकड होती. ती तिनं भिंतीवर फेकली. पकड पत्र्यावर आपटून कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये पडली आणि बराच वेळ आवाज घुमत राहिला.

"त्यानंच मला सांगितलं होतं बांधायला," वानेस म्हणाला. "क्रँक त्यानं स्वतः साफ केली, गेल्या वर्षी सप्टेंबरात. तोवर हात चालायचा. ऑक्टोबरात एके दिवशी पाना धरला आणि हात नुसता नाचायला लागला. तो त्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, वानेस, तू आवळ, मी सांगतो. तीन दिवस बसून सांगत होता."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी दर शनिवारी इथे येत होते. डावा हात खिशात घालून उभा राहायचा तो. मी त्याला म्हणायचे, काय उमरावासारखा उभा आहेस. हसायचा. मला का नाही सांगितलं त्यानं? मला का नाही म्हणाला, तू आवळ?"

"तुझ्यासमोर त्याला तो हात काढायचा नव्हता."

"आणि तुमच्यासमोर चाललं?"

"माझ्यासमोर लपवायचं काय उरलं होतं त्याचं? अडतीस वर्षं. मी त्याला दारू पिऊन रडताना बघितलाय, तुझी आई गेली तेव्हा. मला शपथ घातली होती त्यानं."

"शपथ पाळलीत. शाबास. त्याच्या नावाला काळं फासलं जात होतं तेव्हा बरी मोडावीशी वाटली नाही ती."

वानेसनं हे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रविवारच्या जेवणाला मी उभा राहून सांगतो. माझा बोल्ट, माझा हात. लेआर्कोनं केलेलं नाही. तुला शब्द देतो."

"द्या," नीवेस म्हणाली. "आणि पाळा."

भोकात नवा तुकडा बसवायला ब्लॉक मोदेनाला पाठवला. नवे रॉड मागवले. क्रँक तेवढी घासायला पाठवायची राहिली होती, आणि ती पाठवायच्या आधी साफ करायला हवी होती. शुक्रवारी दुपारी वानेस गिऱ्हाइकाकडे गेला असताना नीवेसनं ती लाकडी ठोकळ्यांवर घेतली.

या क्रँकच्या प्रत्येक रॉडच्या जागी आतून पोकळी असते. तेल त्या पोकळीतून बेअरिंगला जातं. क्रँक फिरते तसा तेलातला कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि पोकळीच्या भिंतीवर साचत राहतो, वर्षानुवर्षं. पोकळीच्या तोंडावर आट्यांचं बूच असतं, आणि ते सुटू नये म्हणून कडेला पंच, म्हणजे टोकदार खिळा, ठोकून पक्कं केलेलं असतं. ती बुचं काढणं किचकट असतं. पंचाच्या खुणा खरवडायच्या, गरम करायचं, पाना घसरतो, बोटं सोलतात. म्हणून आळशी मेकॅनिक नुसतं भोकातून रॉकेल सोडतो आणि क्रँक साफ झाली म्हणतो. लेआर्को अशांना मेकॅनिक म्हणत नसे. त्याच्या तोंडात त्यांच्यासाठी जो शब्द होता तो नीवेसला सहाव्या वर्षीच पाठ झाला होता.

पहिल्या बुचाच्या कडेला तीन ठिपके होते, सारख्या अंतरावर, हलके. लेआर्कोचा पंच. दुसऱ्याला तीन. तिसऱ्याला, चौथ्याला तीन. सहाव्याला तीन. पाचव्याला ठिपके नव्हते. तिथे छिन्नीचे दोन खोल, जुने घाव होते, त्यांत काळं भरलेलं. त्रेसष्ठ साली कारखान्यातून आले होते तसेच.

तिनं बूच तापवलं. पहिल्यांदा पाना घसरला. दुसऱ्यांदा बूच हललं. ते निघालं तेव्हा आतून तेल आलं नाही, काहीच आलं नाही. तिनं पेन्सिलीएवढी सळई आत घातली आणि ढकलली. दुसऱ्या भोकाकडून गाळाची एक कांडी बाहेर आली, काळी, चकचकीत, वाळून कडक झालेली. बाकावर पडल्यावर ती खडूसारखी मोडली.

बोल्ट ढिला नव्हता. वानेसनं बरोबर आवळला होता. पाचव्या बेअरिंगला तेल जेमतेम ठिबकत होतं, आणि शर्यतीत इंजिन ताणल्यावर तेवढं पुरलं नाही. सहापैकी चार बुचं काढून लेआर्को उठला होता, कुठल्यातरी कारणानं, आणि परत येऊन पाचवं निघालंय असं समजून सहाव्याकडे गेला होता. का उठला? फोन आला? हात नाचला? डॉक्टरांकडे जायची वेळ झाली, मुलीला ग्रीस आणायला चाललो म्हणून सांगून? तिला कधीच कळणार नव्हतं.

वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. तिनं गाळाचे तुकडे चिंधीत गोळा केले. ड्रॉवरमधून लेआर्कोचा पंच काढला. नवं बूच लावून त्याच्या कडेला तीन ठिपके मारायला दोन मिनिटं पुरली असती. मग सहाही बुचं सारखी दिसली असती. परवा वानेस उभा राहिला असता आणि म्हणाला असता, माझा बोल्ट, माझा हात. त्याला ते खरंच वाटत होतं. त्यानं दोन महिने तिच्या बापाला दोष लागू दिला होता. आता त्यानं थोडा स्वतः सोसला असता तर काय बिघडलं असतं? तिला वाटलं, काहीच नाही. तिला ते अगदी न्यायाचंही वाटलं.

पंच तिच्या डाव्या हातात होता. तिनं एका भंगार तुकड्यावर तीन ठिपके मारून बघितले. हुबेहूब आले. आणि ते बघून तिला इतका संताप आला की तिनं पंच बाकावर आपटला. वानेसवरचा नव्हता तो.

"माझ्याकडे द्यायचं होतंस," ती मोठ्यानं म्हणाली. "मला सहापर्यंत मोजता येतं. पंधरा वर्षं दुसरं काय करतेय मी? मोजतेच आहे. एकदा, एकदा हात बाहेर काढून म्हणाला असतास—"

तिनं चिंधीची गाठ मारली आणि बूच खिशात टाकलं.

रविवारी धुकं इतकं होतं की क्लबचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. सोळा माणसं जेवायला होती. वानेस लग्नातला कोट घालून आला होता. तो पोटावर मिटत नव्हता. आधी बापलेकांच्या एका जोडीनं जळलेला पिस्टन ठेवला आणि काय चुकलं ते सांगितलं. मग आर्दिलियोनं वानेसकडे बघून मान हलवली. वानेसनं वर्तमानपत्रातून तुटका रॉड काढून टेबलक्लॉथवर ठेवला आणि उभा राहिला. कपाळावर घाम होता.

"झानासीबाईंचं इंजिन," तो म्हणाला. "तुम्ही सगळे समजताय की लेआर्को—"

"खाली बस," नीवेस म्हणाली.

"पोरी, मी शब्द दिलाय."

"खाली बस म्हणते ना. तुझा बोल्ट नव्हता तो."

वानेस उभाच राहिला, पण बोलायचा थांबला. नीवेसनं खिशातून बूच काढून रॉडशेजारी ठेवलं आणि चिंधी सोडली. अंगठ्याच्या नखाएवढं बूच आणि काळे तुकडे. लांब बसलेल्यांना दिसेना म्हणून ते उठून आले.

"इंजिन वानेसनं बांधलं," ती म्हणाली. "नीट बांधलं. क्रँक लेआर्को ग्वेर्झोनीनं साफ केली. सहा बुचं होती, त्यानं पाच काढली. हे राहिलं. बेअरिंगला तेल गेलं नाही. थरथरणाऱ्या हाताचा याच्याशी काही संबंध नाही. त्यानं ते काढलंच नाही. चूक त्याची."

वानेस खुर्चीत बसला. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

आर्दिलियोनं बूच उचलून दिव्यापाशी नेलं, छिन्नीचे घाव बोटानं चाचपले. "लेआर्को? बूच विसरला?" तो हळूच म्हणाला. "आजारी माणूस गं. आजारी माणसाच्या हातून—"

"तो आजारी होता हे तुला कधी कळलं?"

"काय?"

"कधी कळलं? साधा प्रश्न आहे."

"गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात असेल. पत्ते खेळताना. पत्ते पडायचे त्याचे."

"ज्यांना माहीत होतं त्यांनी हात वर करा."

सगळे बुचाकडे बघू लागले. 

"त्याची चूक मी टेबलावर ठेवली," नीवेस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच बहुधा स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. "माझ्या बापाची चूक, माझ्या तोंडानं. आता तुमची ठेवा. करा हात वर."

पहिला हात आर्दिलियोनं वर केला. मग वानेसनं. मग एकेक करत इतरांनी. काहींनी खांद्यापर्यंतच, शाळेत उत्तर येत नसताना करतात तसा. नीवेसनं मोजले. अकरा.

"अकरा जण," ती म्हणाली. "पत्ते पडताना बघत होते. एकालाही मला फोन करता आला नाही. बरं."

"त्याला नको होतं," कुणीतरी म्हणालं.

"त्याला पुष्कळ गोष्टी नको असायच्या."

आर्दिलियोनं घसा साफ केला. रिवाजाप्रमाणे शेवटचा प्रश्न त्यानंच विचारायचा होता. "आणि हे इंजिन आता कोण बांधणार?"

"मी."

"खालचंसुद्धा?"

"खालचंच."

तोर्तेल्लिनी आल्या. नीवेसनं ताट संपवलं. लाम्ब्रुस्को वाइन ओतायला शेजारच्यानं बाटली पुढे केली तेव्हा तिनं ग्लासवर हात ठेवला.

क्रँक घासून, भेगा तपासून डिसेंबरात परत आली. ती ब्लॉकमध्ये उतरवायला दोन माणसं लागतात. वानेसनं न विचारता दुसरं टोक धरलं, उतरवलं आणि मागे सरून उभा राहिला. त्यानं पान्याला हात लावला नाही. नीवेसनं नऊ दिवस घेतले. प्रत्येक फट तिनं तीनदा मोजली, प्रत्येक बोल्टची लांबी आवळण्याआधी आणि आवळल्यावर. तारा तिनं स्वतः पिळल्या.

एकोणीस तारखेला सकाळी इंजिन स्टँडवर सुरू केलं. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. तेलाच्या दाबाचा काटा पाचवर गेला आणि तिथेच राहिला. झानासीबाई खांदा जपत दाराशी उभ्या होत्या. त्यांनी टाळी वाजवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. इंजिन गरम होत गेलं.

"लेआर्कोला आवडलं असतं," वानेस म्हणाला.

"ते मला नको सांगूस," नीवेस म्हणाली. तिची नजर काट्यावर होती. "त्यानं सांगायचं होतं ते. मी दर शनिवारी इथे होते."

तिनं थ्रॉटल थोडी वाढवली, मग आणखी थोडी, आणि काट्याकडे बघत राहिली.